उपरण्याखालची रील

२८ जून, शनिवार. बाजारावरून आल्यावर.

या दोन हातांनी आजवर काय काय केलं ते एकदा लिहून ठेवतो. इन्स्टाग्रामच्या बायोत मावत नाही.

बैलांच्या तोंडावर चढवायच्या म्होरक्या, सुताच्या, गाठ बाहेरच्या अंगाला, म्हणजे गालाला काचत नाही. कासरे. कपाळावर बांधायच्या कवड्यांच्या माथोट्या. पितळी घुंगरमाळा, एकेक घुंगरू कानाशी वाजवून निवडलेलं. झुली, आरशांच्या आणि बिनआरशांच्या. ज्या शेडमध्ये बसून हे केलं ती पत्र्याची शेड. फवारणीच्या नळीपासून मोबाईलचा स्टँड. बायकोच्या, ज्योतीच्या, पिठाच्या चाळणीला एलईडी पट्टी चिकटवून रिंग लाईट. आणि तीनशे अकरा रील्स.

यातलं एकही काम मला कुणी शिकवलेलं नाही. काष्टीच्या बाजारात बैलांचा साज विकणारे पुष्कळ. बनवणारा मी एकटा.

ज्योतीने चाळणी परत मागितली. म्हणाली, अवं, कोंड्याच्या चपात्या किती दिस खायच्या? हिला व्हिजन नाही.

संकल्प: पोळा २२ ऑगस्टला. वर्षाचा निम्मा धंदा त्याच महिन्यात. तोवर रोज दोन रील्स. खंड नाही.

२ जुलै.

पहिली रील: ‘म्होरकीची गाठ’. दुसरी: ‘म्होरकीची गाठ, भाग दोन’. व्ह्यूज दीडशेच्या आत. भाग एक पचायला लोकांना वेळ लागतो.

४ जुलै.

भिमाजी अण्णांची झूल शिवायला घेतली. अण्णा बाजारातले सर्वांत जुने बैलांचे व्यापारी. पोळ्याच्या साजाची पहिली खरेदी दरवर्षी ते माझ्याकडे करतात, मग बाकीचे व्यापारी त्यांच्या मागून येतात. ही रीत माझी पथारी लागल्यापासूनची.

शेवटचा टाका घालताना शॉट हलला. टाका उसवला, परत घातला.

७ जुलै.

तोच टाका पुन्हा. एकदा बोटं आऊट ऑफ फोकस, एकदा मागून ज्योती बादली घेऊन गेली. आता कापडाला भोकं पडली. तिथे आरसा लावावा लागेल. आरसा लावतानाचीही रील होईल. नुकसान म्हणावं असं काही नाही.

११ जुलै.

आज काही सुचलं नाही. स्टँडसमोर बसून राहिलो. डाव्या खांद्यात कळ. सूत हातात घेतलं की अंगावर काटा येतो, मोबाईल घेतला की जांभया येतात. किराणा दुकानात साखर मागताना तोंडातून ‘तर मित्रांनो’ निघालं. पोत्यावर बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, कोन मित्र?

ज्योतीचं म्हणणं, तुमी झोपेत ‘नमस्कार मंडळी’ म्हनता, मला वाटतं घरात पाव्हनं आलं.

याला बर्नआऊट म्हणतात. एका व्हिडिओत सगळी लक्षणं सांगितली, सगळी मला लागू. ज्योती म्हणाली, आमच्याकडं ह्याला कट्टाळा म्हनत्यात. फरक आहे. कंटाळा कुणालाही येतो.

संकल्प: सात दिवस मोबाईल बंद. कपाटात ठेवला, किल्ली ज्योतीकडे.

१२ जुलै.

किल्ली मागितली. फक्त वेळ बघायला. ज्योती म्हणाली, भितीवर घड्याळ हाय की. म्हटलं, बंद आहे. म्हणाली, मंग दुरुस्त करा, सगळं सोताच्या हातानं करता न्हवं? किल्ली मात्र दिली.

१५ जुलै.

उपाय सापडला. पुण्याच्या एक मॅडम व्हिडिओत सांगत होत्या: थकलात? मग नवीन काही बनवू नका. तुमच्या धंद्यात रोज जे घडतं तेच दाखवा. पडद्यामागचं दाखवा.

हे मला आधीच माहीत होतं. त्यांनी शब्द दिले एवढंच.

१९ जुलै, शनिवार.

बर्नआऊट गेला. आजच्या आज.

अण्णा एका शेतकऱ्याकडून खिलारी जोडी घेत होते. रिवाजाप्रमाणे उपरण्याखाली हातात हात. तोंडाने भाव कुणी उच्चारत नाही, आतल्या आत बोटं दाबायची. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. मी त्यांच्याच बसलेल्या बैलाला म्होरकी चढवायला खाली वाकलेलो. खालून उपरण्याच्या आतलं सगळं दिसत होतं. बोटं, नखं, अण्णांची चांदीची अंगठी. असा शॉट आजवर कुणी घेतलेला नसेल. घेतला.

२० जुलै.

एडिटिंग स्वतः केलं. प्रत्येक बोटाला बाण, बाणाला आकडा, शेवटी पिवळ्या अक्षरांत एकूण: एक लाख दहा हजार. नाव: ‘बैलबाजाराचं सर्वांत मोठं गुपित’. अण्णांचा चेहरा दाखवला नाही. एवढं भान मला आहे. अंगठी दिसते, पण अंगठ्या काय, हजार जणांच्या असतात.

२२ जुलै.

चार लाख व्ह्यूज. चार लाख!

फॉलोअर्स एकेचाळीस हजार. ज्योतीला दाखवलं. म्हणाली, ही भिमाजीदादाची अंगठी न्हवं का? मी म्हणालो, व्ह्यूज बघ. ती अंगठीच बघत बसली.

ऑर्डर अजून नाहीत. एक विचारणा आली, म्होरकी लॅब्रेडॉरला बसेल का? हा मार्केटिंगच्या फनेलचा पहिला टप्पा असतो: आधी विचारणा, मग ऑर्डर.

२६ जुलै, शनिवार.

पोळ्याआधी चार बाजार उरले. आज खरेदीला तोंड फुटायला हवं होतं. माल सगळा मांडला, पथारीवर पाय ठेवायला जागा नाही. कुणी आलं नाही. पावसाचं वातावरण होतं.

दुपारी अण्णा आले. खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातावर टाकलं, आत हात घातला. मी बोटांची वाट बघत होतो. त्यांनी नुसती मूठ लावली माझ्या तळव्याला. घट्ट. मग उपरणं झटकून गेले. ही खूण माझ्या रीलमध्ये नव्हती. मला वाटलं मोठी ऑर्डर असावी, आकडा बोटांत मावणार नाही एवढी.

शेजारी फक्रुद्दीनभाईंची नायलॉनच्या दोरांची पथारी आहे. त्यांना विचारलं. ते दोर गुंडाळत राहिले. मग म्हणाले, भाऊ, मूठ म्हंजे तुमच्यापुढं हात उघडायचा न्हाई. येव्हार बंद.

कारण त्यांच्याकडूनच कळलं. ती जोडी अण्णा पुढे कर्जतच्या एका गिऱ्हाइकाला देणार होते. ते गिऱ्हाईक मोबाईल घेऊनच आलं. अण्णांच्या तोंडासमोर माझी रील धरली, म्हणालं, एक दहाला घेतली आन् मला दीड सांगता व्हय? आठ-दहा जण होते. हसले. बैल अजून अण्णांच्या दावणीला.

२७ जुलै.

विचार केला. यात माझी चूक नाही. मी पारदर्शकता आणली. कर्जतवाल्याने तर आभार मानायला हवेत. तरी अण्णा मोठे आहेत. संकल्प: माफीची रील.

३० जुलै.

माफीची रील झाली. पार्श्वभूमीला बासरी. सातव्या टेकला खरोखर रडू आलं, पण तेव्हा लाईट नव्हती. लाईट आल्यावर रडू येईना. शेवटी नुसतीच मान खाली घातली. टाकली.

३१ जुलै.

सहाशे व्ह्यूज. माफीला रीच नाही.

२ ऑगस्ट, शनिवार.

माझ्या जागेवर कुणीतरी पिकअप लावून ठेवलेला. हलवायला सांगितलं तर ड्रायव्हर सापडेना. कडेला, चाऱ्याच्या गाड्यांजवळ पथारी टाकली. एका तरुणाने घुंगरमाळ उचलली, वाजवली, चेहरा खुलला. लांबून एक व्यापारी ओरडला, आरं ठिव ती, तिच्यात क्यामेरा आसंल! सगळे हसले. पोराने माळ ठेवली. ठेवताना नीट ठेवली, हे नोंदवतो.

नेलं तेवढं ओझं परत आणलं.

९ ऑगस्ट. राखी पौर्णिमा.

आज बाजाराला गेलो नाही. स्ट्रॅटेजी.

अण्णा ज्योतीच्या माहेरगावचे. दरवर्षी ती त्यांना राखी बांधते. मला न सांगता ती झूलही घेऊन गेली. संध्याकाळी झूल घेऊनच परत आली. आरसा लावलेल्या जागी अण्णांचं बोट थांबलं म्हणे. म्हणाले, पोरी, राखी बांधली, लुगडं घे. झूल न्यायची माघारी. चाळीस वरसं उपरन्याखाली हात घातला, आजपातुर कुनी उपरनं उचललं न्हवतं. तुझ्या नवऱ्यानं खालून तोंड घातलं.

ज्योती उठेना. तेव्हा शेवटी म्हणाले, त्याला म्हनावं, मोबाईल घरी ठिवून ये. चारचौघांत, तोंडानं, ‘चुकलो’ म्हन. मंग बघू.

ज्योतीने हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना माझा हात धरला होता.

संकल्प: जायचं. मोबाईलशिवाय. नक्की.

१५ ऑगस्ट.

उद्याचा पोळ्याआधीचा शेवटचा बाजार. काय बोलायचं ते पाठ केलं. एक शब्द फक्त. तरी सुरुवात, मध्य, शेवट असावा.

१६ ऑगस्ट, शनिवार.

क्रमवार लिहितो.

मोबाईल घरी ठेवला होता. वेशीपर्यंत गेलो आणि परतलो. कारण असं की मी माफी मागितली याचा पुढेमागे कुणाला पुरावा लागला तर? मोबाईल घुंगरमाळांच्या ढिगात उभा केला, नुसती कॅमेऱ्याची काच बाहेर. कुणाला त्रास नाही.

अण्णा चिंचेखाली बसले होते, भोवती पाच-सहा व्यापारी. मी समोर पथारी टाकली, घुंगरमाळांचा ढीग त्यांच्याकडे तोंड करून. म्हणालो, अण्णा, चुकलो. एवढंच म्हणालो, पाठ केलेलं बाकी काही आठवलं नाही. कुणी हसलं नाही. एक जण म्हणाला, जाऊ द्या अण्णा, मानूस कामाचा हाय. अण्णांनी खांद्यावरच्या उपरण्याला हात घातला. मग म्हणाले, ये हिकडं, बापू. उपरणं सोडलं, आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं. आत त्यांचा हात उघडा होता. मला लागला. खरबरीत, गरम.

मी फक्त जरासा डावीकडे सरकलो. फ्रेममध्ये यावं म्हणून. आणि एकदा बघितलं, येतंय का.

अण्णांनी मी बघितलं तिकडे बघितलं.

त्यांनी हात काढून घेतला. उपरणं घडी करून खांद्यावर टाकलं, धोतर झाडलं आणि उठून गेले. मागोमाग सगळे. जो ‘कामाचा हाय’ म्हणाला होता तो घुंगरमाळांवर थुंकला. नेम चुकला.

ज्योतीने विचारलं, झालं का? मी म्हणालो, जवळपास.

१७ ऑगस्ट.

क्लिप बघितली. फोकस घुंगरांवर गेलाय. आम्ही दोघे मागे धूसर.

२२ ऑगस्ट. पोळा.

मिरवणूक दारावरून गेली. सगळ्या बैलांना नायलॉनच्या म्होरक्या, प्लॅस्टिकचे गोंडे. एकाची गाठ गालावर काचत होती. मालकाला हाक मारून सांगितलं. त्याने ऐकलं नसावं, हलगी जोरात होती. ज्योतीने पुरणपोळीचा घास बैलापुढे धरला, बैलाने खाल्ला. ती आत आली, उरलेली पोळी झाकून ठेवली.

शेडमध्ये माल छतापर्यंत. आज रील टाकली नाही. उद्यापासून नव्याने.

२३ ऑगस्ट, शनिवार.

टाकली नाही.

संध्याकाळी फक्रुद्दीनभाई आले. चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश. म्हणाले, भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. हात तुमचा सोन्याचा हाय, नाव बाद झालं. तुमी बनवा, मी इकतो. कुनी बनवला ते मी सांगनार न्हाई. तुमी बाजारात यायचं न्हाई, बाजाराचा व्हिडिओ काढायचा न्हाई. ज्योती दाराआडून म्हणाली, हो म्हना. मग बाहेर येऊन म्हणाली, माझ्यासाठी हो म्हना.

मी त्यांना समजावून सांगितलं, एकेचाळीस हजार माणसं ज्याला नावाने ओळखतात त्याने माल बेनामी विकायचा नसतो. त्यांनी विचारलं, त्यातल्या किती जनांकडं बैल हायेत? प्रश्नाचा रोख चुकीचा होता.

म्होरकीमागे दोनशे ऐंशी रुपये. रोख. बारा महिने, होईल तेवढा माल. मी नाही म्हणालो.