किती आणे खात्री

अप्पा, तुमचा तो प्रश्न मी आता पगारावर विचारून राह्यले. एका अभ्यासाचं काम आहे. लॅपटॉपवर ठिपक्यांची दोन चित्रं झपकन दाखवायची, कशात ठिपके जास्त होते ते विचारायचं, आणि मंग, खात्री किती, एक ते चार. माणसाचा स्वतःच्या नजरेवर, आठवणीवर भरवसा किती आणि तो कितपत खरा, ते मोजायचं. बहुतेक लोक सरळ चार म्हणतात. चुकलेलं असलं तरी चार.

तुम्ही आण्यांत विचारायचे. बियाणं कंपनीसाठी कपाशीचे प्लॉट तपासायचे, सुट्टीत मी सोबत. ओळीतलं भेसळ झाड ओळखायचं, पण उपटायच्या आधी आणे सांगायचे. एकदाचं सांगते, मी नववीत आहे, ऊन डोक्यावर आलंय, मी सोळा आणे म्हणते आणि उपटूनच टाकते. तुम्ही पानं उलटीपालटी करता, फूल बघता. झाड चांगलं होतं. प्लॉटवाला म्हणाला, पोरगी लई जल्दीत आहे. तुम्ही हसले न्हाईत. "चुकली ते चालतंय. पन सोळा कशाला म्हनली? आठ म्हनली असती तर मी आधी बघितलं असतं."

मागच्या आठवड्यात धावडा गावात एका आजीला एक ते चार काही केल्या कळेना. मी नियम मोडला, आण्यांत विचारलं. मंग ती झरझर सांगायला लागली, बारा, सहा, चौदा, वरून मलाच बोलली की आधीच नीट इचारायचं की. एका चित्राला मात्र अडली. "त्या टायमाला मी शेळीकडं बघत व्हते, माय. आने कुठून सांगू?" पट्टीवर या उत्तराला जागाच न्हाई. रकाना मोकळा ठेवला, आणि बसमध्ये बदनापूर स्टेशन डोक्यातून जाईना.

त्या सकाळी तुम्ही तिथून रेल्वेनं प्लॉटवर निघाले, मी सोडायला आले होते; प्लॉटवरच छातीत कळ आली, परत आले न्हाईत. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, गाडी हलली तसा अप्पांनी दारातून वळून मला हात केला. आई तर स्टेशनवर नव्हतीच. पोरीवर राग धरून गेले न्हाईत, एवढंच ती धरून आहे, तेही माझ्या शब्दावर. तुम्ही केलाही असेल हात, स्वभावच तसा. पण कॉलेजवरून भांडले होते ना मी, रुसून मोबाईलमध्ये तोंड घालून बसले होते. मान वर केली तर गाडी गेल्ती. तुम्हाला हे पोचणार न्हाई, म्हणून लिहिता तरी आलं. आईला अजून सांगितलं न्हाई.