मालकीणबाईंचा तांब्या

पन्हाळा, ९ फेब्रुवारी २००३

सौ. पारू हिस जयभीम.

मी खुशाल आहे. घर छान आहे, परसात फणस आहे. तुझा गुडघा कसा आहे?

उद्या खरेदीखत व्हायचं आहे. एजंट म्हणाला, "तवर आडनाव सांगू नका, आबा. जात कळली तर मालकीणबाई घर द्यायच्या न्हाईत."

काल चहा देताना त्या म्हाताऱ्या बाईंनीच विचारलं, "पावणं, कुणापैकी तुम्ही?" भीतीनं मी खोकल्याचं सोंग केलं. संध्याकाळी त्यांनी लॉजवर तांब्याभर काढा पाठवला. मी तो सगळा प्यालो.

तू बांधून दिलेला बाबासाहेबांचा फोटो अजून पिशवीतच आहे. लेकीला यातलं काही सांगू नकोस.

सकाळी तांब्या परत देताना नाव सांगेन म्हणतो. घर हातचं गेलं तर रागावू नकोस. आत्तापासून खराच खोकला लागला आहे.

तुझा,
आबा