हे सोपं आहे, घरी करा

१२ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून ही वही. हिच्यात फक्त खरं लिहायचं, कारण ही कुणी वाचणार नाही. बायकोला, जयाला, सांगितलंय की शाळेचं गोपनीय काम आहे. ती म्हणाली, बरं.
निमित्त : तालुक्यातलं एक मंडळ यंदा 'गणितभूषण' पुरस्कार देणार आहे. फाईल लागते. फाईलीत परिचय, निकाल, आणि 'विद्यार्थ्यांच्या मनातील स्थान' याचा पुरावा. परिचय तयार आहे (चार पानं). निकाल बोर्डाच्या हातात, त्याला मी काय करणार? तिसरा मुद्दा मात्र माझा हुकमी.
संकल्प : १) गणपतीच्या आत दहावीच्या बीजगणिताचे तीन चॅप्टर संपवणे. सध्या पहिल्यावर आहोत. जूनपासून पाया पक्का करतोय. २) तासाला मोबाईल खिशात.

१३ ऑगस्ट, मंगळवार
मोबाईल बाहेर काढावा लागला. ऑनलाइन माहिती भरायची होती. ती भरून झाल्यावर मेव्हण्याच्या गटात आलेले म्हशीचे फोटो बघितले, तेही अर्धवटच.
शेवटची दहा मिनिटं शिकवलं. शाब्दिक उदाहरणांचं पान आलं. म्हणालो, हे सोपं आहे, घरी करा. हे माझं वाक्य आता शाळेत प्रसिद्ध झालंय. मुलांना स्वावलंबनाची सवय लागते. नाव प्रवाहाच्या उलट जाते, बापाचं वय मुलाच्या तिप्पट होतं, असल्या गोष्टी ज्याच्या त्याने शांतपणे घरी बसून अनुभवाव्यात. गेली सतरा वर्षं मी त्यांच्या आणि त्या उदाहरणांच्या मध्ये आलेलो नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार
फाईलसाठी सोन्यासारखा प्रसंग. सुकन्या स्टाफरूमच्या दारात आली. दहावीतली, दुसऱ्या बाकावरची, कमी बोलणारी मुलगी. म्हणाली, सर, दसऱ्याच्या आत श्रेढीपर्यंत व्हईल का? आमी दसरा झाला की कारखान्यावर जानार. तिथं कुनी सांगाय नसतं.
आईबाप ऊसतोडीला जातात, धाकट्या भावाला सांभाळायला हिलाही नेतात. अभ्यास कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीत, बसून करते आणि परीक्षेला परत येते. माझे तास बुडणार याची पोरीला केवढी हळहळ! म्हणालो, होईल होईल, श्रेढी सोपी आहे.
'विद्यार्थ्यांच्या मनातील स्थान' या मथळ्याखाली लगेच टिपून ठेवलं. श्रेढी हा तिसरा चॅप्टर. सोमवारपासून वेग.

१९ ऑगस्ट, सोमवार
राखीपौर्णिमा. वेग उद्यापासून.

२२ ऑगस्ट, गुरुवार
मुख्याध्यापकांनी नोटीस फिरवली. पाच सप्टेंबरला शिक्षकदिन, म्हणजे आपला नेहमीचा स्वयंशासन दिन. दहावीची मुलं एक दिवस शिक्षक होणार, साड्या-कोट घालून तास घेणार. खरे शिक्षक मागच्या बाकांवर विद्यार्थी म्हणून बसणार. कोणाला कोणते सर, कोणत्या बाई व्हायचंय ते मुलांनी चिठ्ठीत लिहून द्यायचं.
वाचता वाचता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जो विद्यार्थी 'मी' होईल त्याचा तास मोबाईलवर शूट करायचा. मुलांच्या मनात माझं स्थान काय, ते जिवंत, हलतं-बोलतं मंडळासमोर! असली फाईल तालुक्यात कुणाची नसेल.

२४ ऑगस्ट, शनिवार
चिठ्ठ्या उघडल्या. बेचाळीसपैकी अकरा माझ्या नावाच्या! इंग्रजीच्या बाईंना दोन. विज्ञानवाल्यांना एक, आणि तीही त्यांच्या पुतण्याची.
बिभीषणला मुद्दाम विचारलं. शेवटच्या बाकावरचा पहिलवान, तीन वर्षांत वर्गात एकदाही हात वर न केलेला. माझीच चिठ्ठी का टाकलीस? तर म्हणाला, सर, तुमचं लई सोपं हाय. तयारीच करावी लागत न्हाई.
विषय इतका सोपा करून सांगणारा शिक्षक! जयाला हे जेवताना सांगितलं. ती म्हणाली, पोळी घ्या.

२७ ऑगस्ट, मंगळवार
अकरातला कोणीच नको, असं मुख्याध्यापकांनी ठरवलं. सुकन्याचं नाव दिलं. तिने चिठ्ठी टाकलीच नव्हती, सरळ त्यांच्याकडे जाऊन मागितलं म्हणे. तेही दोन तास जोडून. त्यांनी दिले.
माझ्यासारखं व्हायला एक तास पुरणार नाही, हे पोरीने ओळखलं.
तिला बोलावून टिप्स दिल्या. वर्गात शिरताना आधी खिडकीबाहेर बघावं. खडू कानावर ठेवावा. आवाज खालून वर न्यावा. अधूनमधून ते वाक्य घ्यावं. तिने काहीच लिहून घेतलं नाही. म्हणाली, सर, तेवढी शाब्दिक उदाहरणं कशी मांडायची ते दावा ना. मला मीटिंग होती. म्हणालो, सोपं आहे, घरी कर. ती म्हणाली, घरी केली सर. आली न्हाईत म्हनून तर विचारतीय.
मीटिंग नव्हती, हे इथे लिहायला हरकत नाही. पण असायला हवी होती. सप्टेंबर तोंडावर आलाय.

३० ऑगस्ट, शुक्रवार
मधल्या सुट्टीत दहावीच्या वर्गावरून जाताना हसण्याचा कल्लोळ ऐकला. खिडकीतून पाहिलं. आत नकलेची तालीम चाललेली. बिभीषण खुर्चीत रेलून बसलेला, कानावर खडू, हातात डस्टर, पण डस्टर मोबाईलसारखा धरून त्यावर अंगठा फिरवतोय. वर न बघताच म्हणतोय, हे सोपं आहे, घरी करा. पोरं बाकांवर लोळत होती.
भूगोलाच्या सरांची नक्कल हुबेहूब होती. ते माझं वाक्य कधीपासून वापरायला लागले, याची चौकशी करायला हवी.

२ सप्टेंबर, सोमवार
पोळा. सुट्टी. मिरजगावला जाऊन कोट ड्रायक्लीनला टाकला. सुकन्याला घालायला देणार. त्यात ती मावेल दोनदा, पण कोटाचाही प्रभाव असतो.
पोर्शनचा आढावा : पहिला चॅप्टर, शाब्दिक उदाहरणांपर्यंत. यंदा सुट्ट्याच फार.
जयाने विचारलं, त्या पोरीला गणित सांगितलं का? म्हणालो, तिला मी स्वतःच्या पायावर उभं करतोय. ती म्हणाली, ती कधीची उभी आहे हो, तुम्ही खुर्चीतून उठा.
हल्ली जया कोड्यात बोलते.

५ सप्टेंबर, गुरुवार. सायंकाळी ५.३०
जसं झालं तसं लिहितो.
तास सुरू व्हायच्या आधी मोबाईल खिडकीच्या गजाला रबरबँडने बांधला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि शेवटच्या बाकावर बिभीषणशेजारी बसलो. त्याने सरकून जागा दिली. सुकन्या आली. आईची निळी साडी नेसून. कोट तिने घडी घालून टेबलावर ठेवला. खिडकीबाहेर बघितलं नाही. खडू हातातच धरला.
पोरं नकलेच्या आशेने आधीच खिदळत होती. ती थांबली, सगळे गप्प होईपर्यंत नुसती उभी राहिली. मग म्हणाली, मला नक्कल येत न्हाई. आपली शाब्दिक उदाहरनं राहिल्यात, ती करू. मला बी येत नव्हती. पुस्तकात नदीतली नाव हाय, ती मी कधी बघितली न्हाई. म्हनून आईला मोळ्या इचारल्या.
आणि फळ्यावर लिहिलं : आई आणि बाप दिवसाला मिळून उसाच्या शंभर मोळ्या बांधतात. आई बापापेक्षा बारा जास्त बांधते. तर प्रत्येकाच्या किती?
मला वाटलं, उदाहरण उलटं लिहिलं गेलंय. बापच जास्त बांधत असणार. तसं पहिल्या बाकावरच्या एकाने म्हटलंही. ती म्हणाली, न्हाई, आईच बांधते. मी मोजल्यात.
मग आईच्या x, बापाच्या y. बेरीज शंभर, वजाबाकी बारा. दोन ओळी एकीखाली एक लिहिल्या आणि म्हणाली, आता मी गप बसते, तुमी करा. हितंच.
मी तोंडीच केलं. सतरा वर्षांचा अनुभव. शंभरचे निम्मे पन्नास, त्यात बारा मिळवले, आई बासष्ट, बाप अडतीस. वही मिटली. शेजारी बिभीषण जीभ बाहेर काढून लिहीत होता. पाच मिनिटांनी त्याने हात वर केला. तीन वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, आई छप्पन, बाप चव्वेचाळीस. त्याचं उत्तर वर्गाने करून बघितलं. बरोबर. पोरांनी बाक वाजवले आणि बिभीषण लाल होऊन खाली बघत राहिला.
सुकन्या वह्या तपासत मागे आली. माझी वही उघडली. बासष्टमधून अडतीस वजा करून बघितले, चोवीस आले, आणि लाल पेनाने बारीक फुली मारली. मोठी नाही, बारीक. म्हणाली, सर, चुकलं. सोपं हाय, पन घरी नका करू. हितंच करा.
हे ती नक्कल म्हणून म्हणाली नाही. कुणी हसलंही नाही, हे त्याहून वाईट.
दुसऱ्या तासाला तिने श्रेढी सुरू केली. जेवढी स्वतःला आली होती तेवढीच. पुढची येत न्हाई, असं सांगून खाली बसली.
घरी येऊन व्हिडिओ न बघताच मंडळाला पाठवला. कोट तरी दिसलाच असेल. चुकून शाळेच्या गटावरही गेला.

६ सप्टेंबर, शुक्रवार
मंडळाचं उत्तर आलं. 'तास अत्यंत प्रभावी. मुलीचे नाव कळवावे, कार्यक्रमात सत्कार करू. शेवटच्या बाकावर बसलेले पालकही मनापासून शिकताना दिसले. चूक दाखवल्यावर रागावले नाहीत, ही गोष्ट कौतुकास्पद.'
रागावलो होतो. व्हिडिओत दिसत नाही.
मुख्याध्यापकांनी बोलावलं. त्यांनी पूर्ण व्हिडिओ बघितला होता, दोनदा. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं कॅलेंडर पुढे सरकवून म्हणाले, दसरा बारा ऑक्टोबरला. त्यानंतर ती पोरगी फडात असेल आणि पुस्तक तिच्याजवळ असेल, पण सर नसतील. आताही होते का, हे तुम्हीच मला सांगा.
बाहेर आलो तर मुतारीच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं दिसलं : घरीकरा सर. वर्षानुवर्षं तिथेच असणार, अक्षरं चार वेळा गिरवलेली होती. भूगोलाच्या सरांची मनातल्या मनात माफी मागितली.
लाज वाटली. या वहीत फक्त खरं लिहायचं ठरलं होतं, त्याला आज सुरुवात झाली.
मंडळाला सुकन्याचं पूर्ण नाव पाठवलं. फाईल मागे घेतली.

७ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ११
गणपती बसले. सुट्टी.
दसऱ्याला पस्तीस दिवस. सोमवारपासून रोज एक तास आधी वर्ग. आधी राहिलेली शाब्दिक उदाहरणं, मग श्रेढी. संकल्प वगैरे काही नाही, तयारी करायची आहे.
जयाने मोबाईल मागून घेतला आणि कपाटात ठेवला. टेबलावर चहा ठेवला.
पान तेवीस, नावेचं उदाहरण. प्रवाहाच्या दिशेने आणि प्रवाहाच्या उलट.
घरी केलं. तीनदा केलं.
आलं नाही. सोमवारी वर्ग भरायच्या आधी सुकन्याला विचारणार.