मुंगळ्याच्या वहीचे मथळे

३ मार्च, मंगळवार

ठरलं. मुंगळ्याला घर मिळालं. म्हणजे इतके दिवस काय झाडाखाली राहत होता!

संस्थेच्या ताई सांगायला आल्या तेव्हा तो माझ्या मानेला घट्ट धरून बसला होता. मुंगळा हे नाव काही उगाच नाही पडलं, एकदा चिकटला की सुटायचं नाव नाही. ताई म्हणाल्या, "चांगली माणसं आहेत. बरीच वर्षं वाट बघतायत." मी म्हटलं, वा, छान झालं. आणि चहा टाकायला म्हणून आत गेले ती बाहेर यायलाच तयार नव्हते.

"आपल्याला आधीच माहीत होतं," हे म्हणाले. होतं की! तान्हा आणला तेव्हाच सही केली होती, कायमचे आईबाप मिळेपर्यंतच सांभाळायचं. माहीत असून काय उपयोग?

जाताना मुलाबरोबर एक चिकटवही द्यायची असते. कुठे होता, कसा वाढला, हे मोठेपणी त्याला कळावं म्हणून. सगळे फोटो त्यात. आपल्याकडे एकही ठेवायचा नाही, फोनमधलेसुद्धा पुसायचे — संस्थेचा नियम. आणि प्रत्येक पानाला मथळा हवा. "मुलं मोठी झाली की आधी मथळेच वाचतात," ताई म्हणाल्या.

५ मार्च

तीन पानं झाली. रंगीत कागदाची अक्षरं कापून चिकटवली. 'माझं सोनं'. 'काळजाचा तुकडा'. 'आमच्या घरचा राजा'. बोटं गोंदाने नुसती चिकट झाली, पण दिसतंय झकास!

६ मार्च

ताईंनी तिन्ही मथळ्यांवर पेन्सिलीने काट मारली. तिन्ही!

"ही वही कुणाची?"

"त्याची."

"मग प्रत्येक पानावर तुम्ही कशाला?"

अस्सा राग आला. पण त्या ढिम्म. म्हणाल्या, मथळा त्याच्या तोंडचा हवा. त्यात काहीतरी घडलेलं हवं. आणि सगळं सांगून टाकायचं नाही, वाचून त्याला विचारावंसं वाटलं पाहिजे, 'हे काय गं?' तो विचारेल, नवी आई सांगेल. "त्यातूनच दोघांचं जुळतं हो."

नवी आई! आणि 'आई' हा शब्द वहीत कुठेही नको. मी मावशी. मी दिसते असे फोटो दोनच.

"बरोबर बोलतायत त्या," हे म्हणाले. आज त्यांच्याशी बोलणार नाही.

८ मार्च, रविवार

सकाळपासून बसले. बुड बादलीत रुतलंय आणि चेहरा लालबुंद, त्या फोटोवर लिहिलं 'बादलीत अडकलो'. तोंडाला फेस — 'साबण खाऊन बघितला'. दाराच्या चौकटीवर उमटलेले दात — 'मी दाराला चावलो'. लिहिताना एकटीच खो खो हसत सुटले. मग रडू आलं ते थांबेचना.

ताईंचं खरं आहे, मेलं. 'माझं सोनं' काय, कुणाच्याही पोराच्या फोटोला खपेल. बादलीत अडकला तो आमचाच मुंगळा.

११ मार्च

"मावशी म्हण."

"आई."

"मावशी."

"आई मावशी."

आज इतकंच. मला नाही जमत हे.

१४ मार्च, शनिवार

त्याला नेणारे ते दोघे आले होते. वाईट म्हणायला काही सापडेल म्हणून मी टपूनच बसले होते. नाही सापडलं. ती हळू बोलते. मुंगळ्याने तिच्या चष्म्याला हात घातला तर रागावली नाही. तो नवरा तर जमिनीवर बसून घोडा झाला.

वही दाखवली. ती प्रत्येक फोटोवरून बोट फिरवत होती. डोळे भरून आले होते तिचे. मी म्हटलं, "हे मथळे वाचून दाखवा त्याला. विचारील तो तुम्हाला. मग सांगा." बादलीची गोष्ट सांगितली. साबणाची, दाराची. तिने मान डोलावली. मला बरं वाटलं. आपण नसलो तरी गोष्ट तिच्या तोंडून त्याच्यापर्यंत जाईल.

फोटो पुसले. फोन ह्यांच्या हातात दिला, मी बघितलं नाही.

१९ मार्च

शेवटचं पान राहिलंय. उद्याचं. 'निघालो' लिहिलं, काढलं. 'नव्या घरी' लिहिलं, काढलं. कागद सोलवटून निघाला. ताई म्हणाल्या, राहू दे, घडेल ते लिहा.

२० मार्च, शुक्रवार

गेला.

माझी मान सोडेना. ती बिचारी हात पुढे करून नुसती उभी. शेवटी हेच म्हणाले, "चल रे, गाडी बघू या." गाडी म्हटलं की तो कुणाकडेही जातो. गेला. दार लागलं. काचेतून खुशीत हात हलवत होता. रडला असता तर परवडलं असतं.

गाडी सुरू व्हायच्या आत ह्यांनी वही मागून घेतली, बॉनेटवर ठेवून शेवटच्या पानावर स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहिलं, 'गाडी बघायला गेलो'. मग आत येऊन ह्यांनी जे तोंड भिंतीकडे केलं, ते जेवायलासुद्धा उठले नाहीत.

२३ मार्च

बादली माळ्यावर टाकली.

२ एप्रिल

ताईंचा फोन. रुळतोय म्हणाल्या. रात्री उठून कुणाला तरी हाका मारतो. कुणाला, ते मी विचारलं नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

वही परत आली. कुरियरने. चिठ्ठी नाही. ताईंना फोन केला. म्हणाल्या, "त्याला काही सांगायचं नाही असं ठरवलंय त्यांनी. जन्मापासून आपलाच, म्हणून वाढवणार."

फोटो काढून घेतलेत. अगदी जपून, एकही कोपरा न फाडता. मी आहे ते दोन तेवढे वहीतच ठेवलेत, नको म्हणून की मला म्हणून, देव जाणे. बाकी पानंच्या पानं नुसते मथळे. तो आता कुणाला काय विचारणार?