कढई हे भांडे नसून झाड असल्याबाबत

प्रति,
मा. वृक्षनोंद अधिकारी,
बांध-वृक्ष नोंदणी कक्ष, जि. वाशीम.

विषय : बांधावरील कढई या देशी झाडाची, झाड म्हणून नोंद होणेबाबत (अर्ज सहावा).
संदर्भ : आधीचे पाच अर्ज व आपले एक उत्तर.

महोदय,

सदर झाड दि. १८ मार्च रोजी तोडण्यात आले. तथापि आपल्या छापील नमुन्यात ‘उभे झाड’ एवढाच रकाना असल्याने, ते तुटलेच नाही असे धरून पुढील मजकूर सादर आहे.

१. अर्जदार संघदीप इंगोले, शेती मेडशीजवळ, याने नऊ वर्षांपूर्वी टेकडीवरून बी आणून रस्त्याकडेच्या बांधावर हे झाड वाढवले. फळावरची कुसं बोटांत शिरून तीन दिवस आग झाली, तेव्हाच झाडाची ओळख पटली. खोड पांढरे, साल कागदासारखी सुटणारी, पान तळहातासारखे, पाच बोटांचे.

२. पहिल्या अर्जात नावापुढे ‘कढई’ लिहिले. आपल्या कार्यालयाने ती जडवस्तू नोंदवहीत पातेल्यांच्या खाली चढवली आणि विचारणा केली, की कढई लोखंडी की पितळी, व झाकण आहे काय. अर्जदाराने पुढच्या अर्जाला पान जोडले. लिपिक राजूभाऊंनी ते मोबाईलला दाखवले. मोबाईल ‘मेपल’ म्हणाला. “अबे, हे त कॅनडाच्या झेंड्यावरचं व्हय!” असे म्हणून त्यांनी झाड विदेशी ठरवले. तेव्हापासून अर्जदाराकडे भांडे देशी आणि झाड परदेशी आहे.

३. मार्चमध्ये आपल्या कार्यालयाचे गोविंदसिंग साहेब पाहणीस आले. कढईची पाने हिवाळ्यातच झडतात. साहेब म्हणाले, “हे त मेलं.” अर्जदाराची आई बेबीताई म्हणाल्या, “मेलं नाही साहेब, पानं झडले. कपडे काढून वाळू घातले म्हून मानूस मरते काय?” साहेब म्हणाले, “बाई, रस्त्यावर पडलं त कोन जिम्मेदार?” चार दिवसांनी करवत आली. नोंदवहीत मात्र कढई आजही ‘सुस्थितीत’ आहे.

४. आता खुंटाला फुटवा आला आहे. पाने दोन, बोटे दहा. बेबीताईंनी भोवती काट्या रचल्या आहेत. शेळ्या ऐकतात. पण येत्या सोमवारी खुंट उपटायला माणसे येणार आहेत, आणि सातवा अर्ज लिहिण्याइतका दम अर्जदारात उरलेला नाही.

तरी, झाड मृत नसून पानगळीच्या अर्जित रजेवर होते असे समजून, त्यास दि. १८ मार्चपासून पूर्वलक्षी प्रभावाने उभे राहण्यास मंजुरी मिळावी, ही विनंती.

आपल्याच एखाद्या रकान्यात बसू पाहणारा,
संघदीप इंगोले
दि. ७ जुलै २०२५

सोबत :
१) पान, एक (दोनपैकी).
२) कढईचे झाकण, एक. विचारले होते म्हणून. परत मिळावे, आई विचारून राह्यली.