साळूच्या गावातलं निळं दार

१५ सप्टेंबर, सोमवार

चार सिनेमे! आणि चारही साळूचे! विशाखाचा पुण्याहून फोन — "तुझ्याशिवाय कोण लिहिणार? तुझे वडील होते ना त्यात?" हे चारही दिवाळीत कुठल्याशा ॲपवर परत येतायत, म्हणून आमच्या साइटला पालकांसाठी परीक्षणं हवीत. संपादकबाईंना नाही म्हणायची माझी टाप नाही.

'साळूचं गाव' हा पहिला सिनेमा आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. साळू साळिंदर, त्याचा तो तीन पायांचा मित्र ससा, ते प्राण्यांचं गाव. तो थेटरात लागला होता. पुढचे हे चार मात्र सण बघून काढलेले — संक्रांत, होळी, पोळा, दिवाळी. थेट सीडीवर, दुकानात टिकल्यांच्या पाकिटांशेजारी टांगलेले. अण्णांनी स्वतः पार्श्वचित्रं केली, म्हणजे मागचं गाव, घरं, झाडं, तरी तेच म्हणायचे, "भिकार माल हाय तो. तू नको बघू." मी एकही पाहिला नाही. न पाहताच आजवर नावं ठेवली, हे इथं कबूल करते.

आज अविधवा नवमी. शेजारच्या काकूंकडे सवाष्ण जेवायला होती. आमच्याकडे कधीच नसते. आईला जाऊन बावीस वर्षं झाली, अण्णा तिचं काहीच करत नाहीत. फोटोला हारसुद्धा नाही. काकू खीर द्यायला आल्या आणि दरवर्षीचं बोलून गेल्या — "गेलेल्या माणसाचा फोटो असा बोडका ठेवू नये हो." अण्णांनी खीर घेतली, मान हलवली, टीव्ही लावला.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्रामाची सुट्टी. शाळेच्या भोंग्यावर सकाळपासून भाषणं. विशाखानं चारही सीड्यांच्या फाइली पाठवल्यात, कव्हरांच्या फोटोंसकट. मी संक्रांत लावली.

गोष्ट अशी की साळूच्या काट्यांना गावाचे पतंग अडकतात आणि गाव त्याच्यावर रुसतं. बास. एवढ्यावर पन्नास मिनिटं! साळूचा आवाज बदललाय, गाणी सगळी एकाच चालीवर. ससा पहिल्या सिनेमात तीन पायांनी चालायचा, इथं त्याला एका दृश्यात चार पाय आहेत आणि पुढच्यात पुन्हा तीन. कुणी मोजायलाही बसलं नव्हतं.

पण मागची चित्रं! ती जीव ओतून काढलेली. आणि अकराव्या मिनिटाला मी सिनेमा थांबवला. साळू पळतो त्याच्या मागं आमचं घर आहे. पडेगावचं. हेच. निळं दार, फुटकी पायरी, डालड्याच्या डब्यातली तुळस. दारात एक बाई उभी आहे. प्राण्यांच्या गावात बाई! हिरवी साडी, पिवळे काठ. फोटोत आईनं नेसलीय ती.

१८ सप्टेंबर

अण्णा दाढी करत होते. "तुम्ही आईला सिनेमात काढलंय?" असं विचारलं तर आरशातूनच बघितलं माझ्याकडे. "कुठं बघितलंस तू ते?" सांगितलं. म्हणाले, "अपू, त्या पुण्याच्या बाईला नाय म्हणून सांग. दुसरं काय बी लिही."

मला आजवर त्यांनी कुठलंच काम करू नको म्हटलेलं नाही. आर्ट्सला गेले, लग्नाला नाही म्हटलं, तेव्हाही नाही.

२० सप्टेंबर

फोन आला की अण्णा गच्चीवर जातात. आज चारदा गेले. गुडघे दुखतात म्हणून एरवी दूधही मीच आणते.

२४ सप्टेंबर

होळी पाहिली. पाहायला नको होती.

साळूला रंग लागत नाही, काट्यांवर तो राहतच नाही, म्हणून तो रडतो. रडू दे. मी मागंच बघत होते. सव्विसाव्या मिनिटाला पुन्हा निळं दार, अंगणात पुन्हा तीच बाई. पण आता अंगणात एक विहीर आहे. आमच्या अंगणात विहीर कधीच नव्हती. बाई काठावर उभी आहे, वाकून आत बघतेय.

मला सांगितलेलं असं — मे २००३, आई माहेरी कन्नडला गेली, पाणी शेंदताना विहिरीत पडली. मी सात वर्षांची, अंगावर कांजिण्या फुटलेल्या, म्हणून मला नेलं नाही. अण्णा एकटे गेले, तिसऱ्या दिवशी आले. मामांशी आमचं तेव्हापासून बोलणं नाही. कन्नडला मी पुन्हा गेले नाही.

सीडीवरची तारीख मार्च २००३ आहे. मी तीनदा तपासली. म्हणजे आई विहिरीत पडायच्या दोन महिने आधीच अण्णांनी तिला विहिरीच्या काठावर उभं केलं होतं.

हे लिहिताना ते पलीकडे स्वयंपाकघरात मटार सोलतायत. मला त्यांचा खोकला ऐकू येतोय.

२६ सप्टेंबर

अण्णांचा फोन न्हाणीबाहेर वाजत होता. उचलून द्यायला गेले. पडद्यावर नाव — काकासाहेब. माझे मामा! बावीस वर्षं ज्यांचं नाव घरात निघालं नाही ते!

अण्णांनी ओल्या हातानं फोन ओढून घेतला. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. लाज वाटली, पण ऐकलं. "तिला काय बी ठाव नाय... नाय, मी बोलतो. माझं मी बघतो ना, तुमी नका बोलू."

दोघं मिळून काय लपवतायत?

२९ सप्टेंबर

पोळा. विशाखासाठी लिहायची टिपणं: प्राण्यांच्या गावात बैलांची पूजा कोण करतं? ससे. मग ससे कुणाचे कोण? लेखकाला हा प्रश्न पडलेला नाही, मुलांना पडेल.

आता माझ्यासाठी. ही सीडी ऑगस्ट २००३ची, आई गेल्यानंतरची. विहीर आहे. तिच्यावर फळ्या ठोकून ती बंद केलीय. आणि त्या फळ्यांवर मांडी घालून बाई बसलीय, बैलासाठी गोंडे करतेय. आधीच्या दोन्हींत तिची नजर सिनेमाच्या आतच असते. इथं ती सरळ बाहेर बघते. माझ्याकडे.

मी लॅपटॉप बंद केला. मला भीती वाटली, अगदी लहानपणी वाटायची तशी. माणूस असं चित्र कधी काढतो? मनात काहीतरी खात असल्याशिवाय काढतो का?

३० सप्टेंबर

अण्णांनी केलेला चहा मोरीत ओतला. खोलीला आतून कडी लावली. लावली आणि स्वतःचाच राग आला.

२ ऑक्टोबर, दसरा

अण्णांनी आपट्याचं पान पुढं केलं. "सोनं घे." हात पुढं करायला मला वेळ लागला. याच हातांनी त्यांनी दहावीपर्यंत माझ्या वेण्या घातल्या. भांग वाकडा पडायचा, पण रोज घालायचे. त्यांच्या लक्षात आलं.

दाराचं तोरण करून झेंडू उरला होता. मुद्दामच म्हटलं, "एक हार आईलाही घाला." तर केवढ्यानं ओरडले! "नाय म्हणलं ना! त्या फोटोला हात लावायचा नाय!" शेजारचा रेडिओ बंद झाला. मग फुलं गोळा करत बसले.

जो माणूस बायकोला साधा हार घालायला घाबरतो त्यानं काय केलं असेल? हे मी लिहिलं. आता खोडत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

दौलताबादला जाऊन आले. राजकुमार काकांकडे. ते आणि अण्णा एकाच स्टुडिओत. काका रंग भरायचे. स्टुडिओ बुडाल्यावर गावी परतले. किल्ल्याच्या वाटेवर सून सीताफळं विकते, हे तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसतात.

मोबाइलवर तिन्ही चित्रं दाखवली. चष्मा वर करून बघितलं. म्हणाले, "वा! सुलेखा वहिनींचा हात म्हंजे हातच हो."

मी म्हटलं, ही अण्णांची चित्रं.

"गोकुळची? गोकुळला झाडाचं पान काढता येत नव्हतं नीट. चित्रं समदी तुझ्या आईची. घरी बसून काढायची, हा आणून द्यायचा. नाव त्याचं लागायचं. ती म्हणायची, माझं नाव लावा. हा म्हणायचा, पुढच्या शिनेमाला लावू. पुढच्याला, पुढच्याला करत तीन झाले. मग गेली ती रागानं माहेरी."

माहेरी गेली आणि वारली, मी म्हटलं.

काकांनी मोबाइल खाली ठेवला. "कोण म्हणलं वारली? पोळ्याचे, दिवाळीचे कागद तिनं कन्नडहून धाडले की. एस्टीच्या पार्सलनं यायची गुंडाळी, मी स्वतः स्टँडावरनं आणायचो. आत चिठ्ठी असायची — सीडी निघाली की अपूला दाखवा. मी ती गोकुळला द्यायचो." मग हळूच, "तुला दाखवली नाय का त्यानं?"

पुढचं त्यांना माहीत नाही. सुनेनं पिशवीत सीताफळं घातली. परत येताना रिक्षात मी ती मांडीवर धरून बसले होते आणि मला एकच वाक्य ऐकू येत होतं. भिकार माल हाय तो. तू नको बघू.

६ ऑक्टोबर

दिवाळी पाहिली. ऑक्टोबर २००४.

गावभर पणत्या. निळ्या दाराला कुलूप, तिथं एकही नाही. पायरीवर एक मुलगी फुलबाजी घेऊन उभी आहे. डाव्या हातात. उजवा प्लॅस्टरमध्ये आहे.

जुलै २००४ला मी शाळेच्या घसरगुंडीवरून पडले. उजवा हात. दीड महिना प्लॅस्टर. आईला जाऊन तेव्हा वर्ष झालेलं होतं.

मागं रस्त्यावर लाल एस्टी आहे. पाटी 'कन्नड'. खिडकीत हिरवी साडी. ती आली होती. तिनं मला पाहिलं होतं, लांबून, आणि गेली. फळ्यांवर बसून सांगत होती की मी विहिरीत नाही, बघ, मी वर आहे! आणि मी एकवीस वर्षं लोकांना सांगत राहिले की साळूचे पुढचे भाग बघू नका.

९ ऑक्टोबर

विचारायचं धाडस होत नाही. तेव्हा होती. पण आता? विचारलं आणि "नाही" म्हणाले तर ती दुसऱ्यांदा जाईल. रोज उद्यावर ढकलतेय. अण्णा जेवत नाहीत, मीही नाही. एकमेकांना वाढतो फक्त.

१४ ऑक्टोबर

परीक्षण पाठवलं. शेवटची ओळ: मुलांना सांगा, पुढं काय चाललंय ते बघू नका, मागं बघा. विशाखाचा निरोप — "छान! पण नेमकं काय म्हणायचंय?"

१७ ऑक्टोबर, वसुबारस

शेवटी संध्याकाळी विचारलं. लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला, प्लॅस्टरवाली मुलगी दाखवली. "ही कोण?"

त्यांनीही हे चित्र पूर्वी नीट पाहिलं नसावं. बोटानं ती खिडकी चाचपली.

"आई आहे का अण्णा?"

"हाय."

मी लॅपटॉप मिटला.

मग ते बोलत राहिले, भिंतीकडे बघून. "नावापायी गेली. मला वाटलं, चार दिसांत येईल. तू रोज विचारायचीस, आई कधी येणार. एक दिवस तोंडातनं निघालं, विहिरीत पडली म्हणून. तिच्याच चित्रातली विहीर डोळ्यापुढं आली बघ. तू दोन दिवस रडलीस, मग जेवलीस. नंतर ती न्यायला आली, तर मीच म्हणलं, पोरगी आत्ता कुठं सावरली, आता तुला बघून भूत म्हणंल. तिला पटलं ते. पटायला नको हुतं."

मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पार्श्वचित्रांबद्दल त्यांच्या नावानं मिळालेली मानपत्रं भिंतीवरून मी काढली, तीही काढू दिली. फक्त हाराचं विचारलं तेव्हा रडले. "जित्या माणसाच्या फोटोला हार घालत्यात का? तिचं आयुष्य कमी झालं असतं. लई पापं केली मी, एवढं एक नाय केलं."

महिनाभर ती दवाखान्यात आहे. कन्नडलाच. किडन्या. मामांचे फोन त्याचेच होते. ती माझं नाव घेते म्हणे. महिनाभर! त्यातले अकरा दिवस माझे. काही न विचारता मी परीक्षण लिहीत बसले होते.

आत्ताच निघते म्हटलं. अण्णा म्हणाले, "रातच्याला आत सोडत नायत. सकाळी पयल्या गाडीनं जा. लॅपटॉप घे संगं. तिला दाव, तू बघितले म्हणून."

बॅग भरलीय. लॅपटॉप चार्जिंगला लावलाय. आधी दिवाळीचाच लावेन, तिथं थांबवेन आणि म्हणेन, आई, ही मी. परीक्षणही वाचून दाखवीन. त्यात पार्श्वचित्रांपुढं तिचं नाव लिहिलंय, विशाखाला न विचारता.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी, सकाळी साडेपाच

बॅग घेऊन बाहेर आले. अण्णा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसलेत. म्हणाले, "जीप सांगितलीय. कन्नडला आपल्यासाठी थांबलेत समदे."

आईच्या फोटोला हार आहे.