माझ्या नावाच्या गोळ्या

त्या सकाळी नळाला पाणी लवकर आलं. मी पिंप भरलं, दूध तापवलं, कुकर लावला, कपडे वाळत घातले आणि रिकामी बादली घेऊन स्वयंपाकघरात आले, तर हे फळीपाशी पाठमोरे उभे. माझ्या गोळ्यांच्या पाकिटातली एक त्यांनी तोंडात टाकली आणि तशीच कोरडी गिळली. भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून पाणीसुद्धा घेतलं नाही. मी आल्या पावली मागे फिरले.

वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्राची सुरुवात अशी होत नाही. पण माझ्या मृत्युपत्राला कोणी हरकत घेतलीच तर या गोळ्यांवरूनच घेईल, म्हणून आधी त्याच.

मी, रजनी नरहर बिलोलीकर, वय बाहत्तर, राहणार बरकतपुरा, हैदराबाद, कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात हे लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. ती नेहमीच होती.

१. माझे यजमान सरकारी लेखा खात्यातून निवृत्त झाले आणि चार वर्षांपूर्वी वारले. आम्हाला मूलबाळ नाही. त्यांच्यामागे हा फ्लॅट माझ्या नावावर झाला. मी काही न लिहिता गेले तर तो माझे दीर श्रीकांत यांच्याकडे जाईल. म्हणून तो मी दिरांची मुलगी रश्मी हिला देते. तिलाच, तिच्या वडिलांना किंवा भावाला नाही. बाळंतपणानंतर रश्मीचं रडणं थांबेना. सासरचे म्हणाले नाटकं, माहेरचे म्हणाले लाड. ती आमच्याकडे आली, औषधपाणी झालं, बरी झाली, नोकरीला लागली. लेकीसह इथेच असते. घर तिचं झालं म्हणजे तिला रडायला कोणाची परवानगी लागणार नाही.

२. ह्यांच्या तेराव्याला भाऊजी पंगतीत म्हणाले, "वहिनींचं काय धरून बसता. त्यांना डोक्याच्या गोळ्या चालू होत्या, मेडिकलवाल्याला विचारा." खरंच आहे. मेडिकलवाला मला लांबूनच हाक मारायचा, "अम्मा, आपकी नींद की गोली आ गई, ले जाव." मी घेऊन यायचे. सगळी गल्ली ऐकायची. यातलं खरं काय ते आता लिहिते. ह्यांनी जाण्याआधीच्या दिवाळीत म्हटलं होतं, "लागेल तेव्हा सांगून टाक." आता लागलं आहे.

३. मला जिना चढताना धाप लागायची, छातीत धडधडायचं. गल्लीतले डॉक्टर माझ्याशी नाही, ह्यांच्याशी बोलले. "या वयात बायकांचं मनाचंच असतं." ह्यांना तर झोप नव्हती, जेवण जात नव्हतं, गॅलरीत नुसते बसून असायचे. त्यांना त्याच डॉक्टरांनी पित्ताचं औषध दिलं. एकाच टेबलावर माझ्या छातीचं मन झालं आणि ह्यांच्या मनाचं पित्त. माझ्या गोळ्या मी चार दिवस घेतल्या. दिवसभर झापड यायची, धाप होती तशीच. मग फळीवर ठेवून दिल्या. पुढचं वर आलंच आहे.

असं तीन वर्षं चाललं. मग काचीगुडा स्टेशनच्या जिन्यावर मी बसलेच. रश्मीने मला तिला बरं केलेल्या डॉ. केतकींकडे नेलं. त्यांनी विचारलं, "या गोळ्यांनी झोप लागते का?"

"मला काय माहीत? ह्यांना लागते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. आधी रागावल्या, दुसऱ्याच्या नावाची गोळी खायची नसते म्हणून. मग माझी छाती नीट तपासली. हृदयाची झडप आकसलेली निघाली. ऑपरेशन झालं. आता दोन मजले न थांबता चढते.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, "आता तुमचा नंबर."

"पुरुषमाणूस डोक्याच्या डॉक्टरकडे? लोक काय म्हणतील?"

"मला तीन वर्षं म्हणताहेत. मी मेले नाही."

"तुझं वेगळं."

"काय वेगळं?"

हे चपला शोधायला लागले. दवाखान्यातल्या मुलीने भर गर्दीत पुकारलं, "नरहर बिलोलीकर." ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि उठले. त्यानंतरची सहा वर्षं चांगली गेली. भाजी निवडता निवडता बोलायचे, माझ्या आधी ताट वाढून घ्या म्हटलं तर थांबायचे. न्यूमोनियाने गेले, दुःखाने नाही. रोज आठवण येते. ती येऊ दे, तिने माझं काही अडत नाही.

४. बँकेतलं जे काही असेल ते रश्मीच्या लेकीच्या शिक्षणाला. माझी पुस्तकंही तिलाच. मी चौथीपर्यंत शाळेत गेले. पुढचं सारं या पुस्तकांनी शिकवलं. ती मराठी अडखळत वाचते. अडखळू द्यावं, पण मोठ्याने वाचायला लावावं.

५. भाऊजींना ह्यांचं मनगटी घड्याळ आणि गॅलरीतली खुर्ची. जाऊबाई गेल्यापासून तेही रात्री फेऱ्या मारतात आणि गॅस झाला म्हणतात. रश्मीने त्यांचा डॉक्टरांकडे नंबर लावावा. त्यांच्या नावाने, तिच्या नाही. माझा त्यांच्यावर राग नाही. पंगतीतलं बोलणं मात्र लक्षात आहे.

६. सहीखाली काही लिहायचं नसतं असं वकीलसाहेबांनी बजावलं आहे, म्हणून राहिलेलं इथेच लिहिते. त्या सकाळी मी कुकर उतरवला, पानं घेतली. दुसऱ्या दिवशी नळावर जाण्याआधी मी गोळ्यांच्या पाकिटाशेजारी पाण्याचा पेला भरून ठेवला.

रजनी नरहर बिलोलीकर
(सही)

मजकूर वाचून, समजून रजनीबाईंनी आमच्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत.
साक्षीदार: डॉ. केतकी परांडेकर (सही)
लक्ष्मणराव उदगीरकर, शेजारी (सही)

बरकतपुरा, हैदराबाद
११ जानेवारी २०२५